अडकलेला दर्या आणि जावयाचा पायगुण

बोईसर,
गुरुवार, संध्याकाळ

श्री. सुजीतराव यांस,

तुमचे भावोजी नागोराव बोकारे यांचा सप्रेम नमस्कार. तुम्ही, सौ. प्रतीक्षा आणि मुले खुशाल असाल, होडीचे इंजिन या खेपेला भर पाण्यात रुसले नसेल, आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर अवेळी ढग आले नसतील, असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक. तुमच्या आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाई गोजराबाईंचा, शस्त्रक्रिया झालेला गुडघा समाधानकारक वाकतो. तो किती वाकतो याविषयी व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई आणि आई यांच्यात मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही.

हे सर्व फोनवर का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्यालाच 'बरं बरं भावोजी' म्हणू लागता (ते ऐकणे थांबल्याचे लक्षण आहे, हे मला लग्नानंतर लवकरच कळले). शिवाय आमच्या सदनिकेत आईंना ऐकू जाणार नाही असा एकही कोपरा नाही. सबब हे पत्र तुमच्या शेजारच्या प्रेमलाबरोबर पाठवत आहे. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकून रिकाम्या पाटीने दातिवऱ्याला परतते. पत्रास वास आल्यास तो पाटीचा समजावा, मजकुराचा समजू नये.

मंगळवारी आईंनी तुम्हांला फोन करून, 'आयतवारी ये नि मना घरी ने, जावयाच्या घरात दर्या चालत नाय,' असे कळवले आणि तुम्ही टेम्पो घेऊन येण्याचे कबूल केले. (हा दर्या संगणकातला आहे, खुलासा पुढे येतो.) यात चिंतेच्या दोन बाबी आहेत. जिना आधाराविना चढता येईपर्यंत आईंनी इथून हलू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. दातिवऱ्याला गेल्यावर त्या ओट्यावर स्वस्थ बसून राहतील, असे मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दुसऱ्याच सकाळी त्या पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर उभ्या असतील आणि नवा गुडघा जुन्याच्या वाटेने जाईल. दुसरी बाब माझ्या नावाची आहे. दर्या अडकतो तो जावयाच्या पायगुणाने, असेही आईंनी त्याच फोनवर सांगितले. काल भर बाजारात प्रेमलाने मुशी माशाचे तुकडे करता करता मला विचारले, 'काय ओ भावोजी, तुमी बसले का दर्या थांबतो म्हनं?' आजूबाजूच्या सगळ्या पाट्यांवरचे कोयते थांबले. म्हणजे बातमी दातिवऱ्याला पोचून, तिथे मीठ लागून, परत बोईसरला आली. तेव्हा प्रकरण मुळापासून मांडणे मला भाग आहे.

आमची हिमानी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिने स्वतः एकेक भाग निवडून जुळवलेला संगणक इथेच राहिला. शस्त्रक्रियेनंतर आई पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असत. व्यायामाचे नाव काढले की, 'पाय माजा हाय, तुमाना काय,' एवढेच उत्तर मिळे. दिवाळीला हिमानी आली. तिने आजीसमोर संगणकावरचा एक खेळ लावला. त्यात उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड समुद्रात मासेमारीची होडी हाकायची, जाळे टाकायचे, ओढायचे आणि बंदराला परतायचे असते. आईंनी प्रथम पुष्कळ दोष काढले. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू नाही. खलाशी टोपी घालून जेवतो. जाळ्यात आलेल्या माशाकडे पाहून त्या म्हणाल्या, 'ह्यो मासा हाय का उशी?' पण थोड्या वेळाने त्यांनी नातीच्या हातातला, होडी हाकायचा तो बटणांचा खटका मागून घेतला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या हातातून क्वचितच सुटला आहे.

इथे एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. तुमच्याकडे बायका होडीवर जात नाहीत. आईंनी जन्मभर दर्याची मासळी पालघरच्या बाजारात विकली, पण दर्या पाहिला तो वाळूवर उभ्या राहून. कै. मामा, म्हणजे तुमचे वडील एकनाथ तांडेल, सांगत असत की बाहेरच्या पाण्यात लाट अशी येते की होडीचे नाक आभाळाला टेकते. आई ते ताडीच्या खाती टाकत. खेळात पहिल्यांदा वादळ आले, होडीचे नाक वर गेले, पडद्यावर नुसते आभाळ उरले, तेव्हा त्यांनी खटका दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हणाल्या, 'खरा बोलत व्हता मेला.' तुमची बहीण पुष्पलता त्या वेळी स्वयंपाकघरात गेली आणि कांदा नसताना डोळे पुसत होती. माझ्या चष्म्यावरही काहीतरी होते. ते वाफेने झाले असावे.

त्या दिवसापासून घरात नियम ठरला. एक जाळे ओढून झाले की एकदा व्यायाम, मग पुढचे जाळे. गुडघा वाकू लागला तो या नियमाने. तेव्हा हा खेळ नीट चालणे ही करमणुकीची बाब नसून वैद्यकीय बाब आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

आता अडकण्याविषयी. जाळे भरून वर येई, त्यात शेकडो मासे तडफडत, वर समुद्रपक्ष्यांचा थवा, खाली फेस. नेमक्या त्या वेळी चित्र किंचित अडखळे. फार नव्हे, पिंपातून तेल ओतताना मध्येच गचका बसतो तेवढे. पण आईंच्या नजरेतून ते सुटेना. 'दर्या असा थांबत नाय कधी,' त्या म्हणाल्या. 'थांबला तर जग बुडंल.' मी नवापूर नाक्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्या चिरागला बोलावले. त्याने खोक्याकडे दुरूनच पाहिले आणि सांगितले, 'अंकल, ग्राफिक कार्ड चेंज कर दो, एकदम मक्खन.' मी त्याला विचारले की जे कार्ड, संगणकातल्या कामाच्या आलेखात दिसते त्याप्रमाणे, अर्धा वेळ रिकामे बसून आहे, ते बदलल्याने काय साधेल? ज्या माणसाच्या टेबलावर कागद पोचतच नाहीत, त्याला काढून दुसरा नेमला तर कागद पोचू लागतील का? चिराग म्हणाला, 'अंकल, आप बहुत पढ़े हो,' आणि चहा घेऊन गेला.

मग मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला. (वाणिज्य शाखेच्या पदवीधराला कोणताही विषय वर्ज्य नसतो, फक्त त्याची नोंद कुठे करायची ते ठरवावे लागते.) तुमच्यासाठी सोपे करून सांगतो. संगणकात दोन मोठी माणसे आहेत असे समजा. एक प्रोसेसर, तो खेळाचा सगळा हिशोब ठेवतो, होडी कुठे, लाट कुठे, कोणता मासा जाळ्यात. दुसरे ग्राफिक कार्ड. ते चित्रे काढते. या दोघांची भाषा एक नाही. खेळ म्हणतो, 'इथे लाट काढ, तिथे पक्षी काढ.' कार्डाला ते समजत नाही. मध्ये एक दुभाष्या बसतो, जो प्रत्येक फर्मान कार्डाच्या भाषेत उतरवून पुढे सरकवतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कोणतेही चाक फिरवत नाही, हे मी आईंना सांगितले; त्या म्हणाल्या, 'मंग त्याला पगार कशाचा?' तर हे भाषांतरसुद्धा प्रोसेसरलाच करावे लागते. प्रोसेसरला पूर्वी एकच कोअर असे, म्हणजे एकच कारकून. आता आमच्या यंत्रात आठ आहेत. पण जुना ड्रायव्हर असा की खेळ ज्या कारकुनाकडे चालला असेल, त्याच्याच डोक्यावर भाषांतरही लादी. तो बिचारा आधी मासे मोजणार, मग फर्माने उतरवणार, मग पुन्हा मासे. पक्ष्यांचा थवा आला की तो घामाघूम, बाकीचे सात सुपारी कातरत बसलेले, आणि कार्ड कागदाची वाट पाहत जांभया देत. दर्या अडखळे तो इथे.

हिमानीने पुण्याहून इंटरनेटच्या तारेवरूनच नवा ड्रायव्हर बसवला. हा नवा शहाणा आहे. तो भाषांतराचे काम मोकळ्या कोअरांना वाटून देतो. खेळाने फर्मान सोडायचे आणि पुढच्या लाटेकडे वळायचे, ते उतरवून कार्डाकडे नेण्याचे काम दुसरा कोणीतरी करतो. ही सोय सुरू ठेवावी, बंद ठेवावी, की 'ऑटो'वर सोडावी, अशी निवड त्यात आहे. काही जुन्या खेळांना वाटणी मानवत नाही, कारण वाटणी करण्यातच वेळ जातो. म्हणून ऑटोवर ठेवले की ड्रायव्हर ज्याचे त्याचे पाहून ठरवतो. हिमानी म्हणाली, 'बाबा, सगळं ऑटोवर आहे. आता तुम्ही काही म्हणजे काही करू नका.' सुजीतराव, मी तारापूरच्या कारखान्यात लेखा विभाग सांभाळतो. 'तुम्ही काही करू नका' ही सूचना मी आजवर कुणाकडूनही घेतलेली नाही, आणि ज्या विभागात आठ माणसे आहेत तिथे कोणी काय करायचे हे आपोआप ठरते, यावर माझा विश्वास नाही.

माझ्या विभागाचा नियम तुम्हांस ठाऊक आहे. एक माणूस, एक टेबल, एक काम. खरेदीवाल्याने विक्रीच्या कागदाला हात लावायचा नाही. संगणकातही अशी सोय आहे, असे मला आढळले: कोणत्या कामाने कोणत्या कोअरवर बसावे हे आपण नेमून देऊ शकतो. मी तत्काळ नेमणुका केल्या. पहिला कोअर विषाणूप्रतिबंधास, दुसरा छपाईस, तिसरा माझ्या हिशोबाच्या प्रणालीस, असे करत खेळास एक स्वतंत्र कोअर दिला. त्याला कोणी त्रास देऊ नये असा हेतू. उरलेले ड्रायव्हरसाठी राखून ठेवले. मग ड्रायव्हरला नेमणूक द्यावी म्हणून चालू कामांच्या यादीत त्याचे नाव शोधले, तर नाव नाही. वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले. मी त्यास गैरहजर धरले आणि रुजू होताच जागा द्यायची असे ठरवले. या नेमणुका खेळ बंद केला की पुसल्या जातात. म्हणून मी आईंच्या शेजारी बसून, दर वेळी खेळ सुरू झाल्याबरोबर, हजेरी घ्यावी तशा त्या पुन्हा करत असे.

आणि दर्या अडखळायचा तो चक्क थांबू लागला. लाट अर्ध्यात उभी, पक्षी हवेत टांगलेला, मासा तोंड उघडून वाट पाहतोय.

मध्यंतरी मला कारखान्याच्या एका सुनावणीसाठी दिवसभर पालघरला जावे लागले. संध्याकाळी परतलो तर आईंचा चेहरा दिव्यासारखा. वादळातून जाळे भरून आणले, एकदाही अडकले नाही. दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो, दर्या थांबला. शनिवारी मी कारखान्यात, दर्या वाहता. रविवारी मी घरी, दर्या ठप्प. आईंनी खटका खाली ठेवला आणि पुष्पलतेला विचारले, 'काय गो पुष्पा, तुजा नवरा बसला का पानी गोठतं कसा?' पुष्पलता म्हणाली, 'अगं, लग्नात हळद लावताना पण विहिरीचा पंप बंद पडला होता.' (हे खरे आहे, परंतु त्याचा दाखला देण्याची ती वेळ नव्हती.) आईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. उपयोग झाला नाही. मंगळवारी त्यांनी तुम्हांला फोन केला. 'धंद्यावर असा मानूस नको रं,' हे शब्द मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकले.

पायगुणावर माझा विश्वास नाही. पण माझी उपस्थिती आणि दर्याचे थांबणे यांचा मेळ बसत होता, आणि बसलेला मेळ मी कधी नाकारत नाही. म्हणून बुधवारी रजा टाकून तपासणी केली. मी बाल्कनीत उभा राहिलो: दर्या वाहता. मी खोलीत आलो: वाहता. मी आईंच्या शेजारी पाय लांब करून, हात मांडीखाली दाबून बसलो: वाहता. आई डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या पायांकडे पाहत होत्या. मग मी फक्त नेमणुका केल्या, आणि पक्षी हवेत टांगला गेला. तात्पर्य, पाय निर्दोष आहेत. दोष हाताचा निघाला.

हिमानीला फोन केला. ती आधी हसली, मग आणखी हसली, मग म्हणाली, 'बाबा, ड्रायव्हरचं नाव यादीत कसं दिसेल? तो खेळाच्या घरातच राहतो. तुम्ही खेळाला एका खोलीत कोंडलंत, तर त्याची माणसं पण त्याच खोलीत कोंडली गेली.' म्हणजे वाटून घ्यायला आलेले सगळे मदतनीस एकाच टेबलाभोवती उभे, आणि बाहेर मी राखून ठेवलेल्या जागा मोकळ्या. सदर दिरंगाई लेखा विभागाकडूनच झाल्याचे निष्पन्न झाले आहे.

त्यावर मला माझ्या लग्नानंतरची दातिवऱ्याची पहिली सकाळ आठवली. होडी किनाऱ्याला लागली तशी सगळी आळी धावली. कोणी दोर धरला, कोणी पाटी उचलली. जिच्या हातात पाटी होती तिने ती दुसरीच्या डोक्यावर देऊन दोराला हात घातला. मी परभणीचा माणूस, चपला हातात घेऊन कोरड्या वाळूत उभा. मी मामांना विचारले होते की पाटी उचलण्याचे काम नक्की कोणाकडे आहे. मामा म्हणाले, 'जो मोकला त्याच्याकडं.' सगळे हसले, तुम्हीही हसलात (तुम्ही तेव्हा चड्डीत होता, म्हणून मनावर घेतले नाही). तो विनोद नसून कामाची पद्धत होती, आणि नव्या ड्रायव्हरची पद्धतही तीच आहे, हे समजायला मला आठ कोअर कोंडावे लागले.

आता सर्व नेमणुका रद्द केल्या आहेत. दर्या अखंड वाहतो. तुमच्याकडे पसरलेल्या बातमीत एवढी दुरुस्ती कृपया करावी, विशेषतः प्रेमलाकडे, कारण तिच्यामार्फत ती सर्वत्र जाईल. बाकी, वडीलधाऱ्यांच्या निर्णयाच्या आड मी येत नाही. ठरल्याप्रमाणे रविवारी टेम्पो घेऊन यावे. जेवायला थांबावे. सौ. प्रतीक्षाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नागोराव बोकारे

ता. क. रविवारी येऊ नये. टेम्पोचे टायर, भरती, पाहुणे, कोणतेही कारण चालेल. तुम्ही ठरवा आणि आईंना कळवा. माझे नाव मध्ये येऊ देऊ नये. जिना अजून दोन पायऱ्यांपुढे जात नाही, आणि दातिवऱ्याच्या ओट्याची उंची मला ठाऊक आहे.

ता. क. २. वरील कारण खरे आहे, पण पुरते नाही. बुधवारच्या तपासणीत हात मांडीखाली दाबून बसल्याचे बक्षीस म्हणून आईंनी मला खलाशी नेमले. त्या होडी हाकतात, मी जाळे ओढतो. काल वादळात त्या ओरडल्या, 'ओढा ओ जावय, झोपले काय!' मी ओढले. जाळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला हाक मारून काही काम सांगण्याची ही पहिलीच वेळ. एरवी मी जावई म्हणून पाटावर बसतो आणि मला वाढले जाते. होडीची कोठी अजून अर्धीच भरली आहे. ती भरेपर्यंत तरी त्यांना इथून नेऊ नये.

ता. क. ३. पत्र बंद करत असताना आई मागे काठी टेकून उभ्या होत्या. कधीपासून, ते सांगता येत नाही. पुढील मजकूर त्यांनी सांगितला तसाच, एकही शब्द न बदलता उतरवत आहे. तसा त्यांचा हुकूम आहे.

'सुजीत, तू आयतवारी ये. टेम्पो नको, मोटरसायकल आन. मी येत नाय, पाय बरा होईस्तवर हितंच हाय. ह्याला ने. दोन दिस ने, खऱ्या होडीवर चढव. जालं ओढायला बरा शिकलाय, पन रातंदिस माज्या बाजूला बसून सूचना करतो, मना सुखानं दर्या बघू देत नाय. तुजा बाप जिथं जायचा तिथवर ह्याला ने नि लाट दाखव. उलटी केली तर हसू नको. आनि कुनाला टेबल वाटू देऊ नको.'

मजकूर बरोबर असल्याची खात्री त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन केली आहे. रविवारी सकाळी मी खाली फाटकाशी तयार असेन; उलटीच्या गोळ्या घेतल्या आहेत, चपला घरीच ठेवीन. फक्त होडीवर माझी जागा नेमकी कोणती, ते प्रेमलाबरोबर आधी कळवावे.